गोल फिरणारी मेंढी आणि बिकानेरची जागा

दहावीची परीक्षा देऊन मी शेळगावात घरी बसले होते, तेव्हा तात्यांची एक मेंढी गोल फिरायला लागली.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या घराण्यात पूर्वी मोठा कळप होता. कालव्याचं पाणी मिळायला लागलं तशी माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, आपल्या वाटणीची मेंढरं विकली आणि ऊस लावला. तात्यांनी मात्र थोडी मेंढरं ठेवली होती. त्यांच्याशिवाय त्यांना करमायचं नाही. त्यातलीच ही एक तरणी काळी मेंढी. कळपासोबत नीट निघायची, मग मध्येच मान डावीकडं वाकडी करून फिरायला लागायची. फिरून फिरून दमली की पडायची. उठली की पुन्हा डावीकडंच.

मला त्या डावीकडंचं भारी नवल वाटलं. मी तिला मुद्दाम उजवीकडं वळवून पाहिलं. चार पावलं आली आणि पुन्हा तिच्या मूळ फेऱ्याला लागली.

"तात्या, ही उजवीकडं का फिरत न्हाय?"

"तिला इचार," तात्या म्हणाले. मग म्हणाले, "डोक्यात पाणी झालंय तिच्या. आमच्या वडलांच्या येळेपासून बघतोय. हे जनावर जगत न्हाय."

"पाणी कुठनं आलं डोक्यात?"

"पावसात भिजल्यावर जात आसंल कानातनं."

हे काही मला पटलं नाही. पावसात सगळाच कळप भिजतो. मग हिच्याच कानात पाणी कसं गेलं?

आमच्या भागातले सरकारी दवाखान्याचे डॉक्टर मोटरसायकलवरून गावोगाव फिरायचे. ते शेजारच्या वस्तीवर गाईसाठी आले होते तेव्हा मी त्यांना गाठलं आणि तात्यांच्या माळावर घेऊन आले. डॉक्टर तसे तरुणच होते, फार बोलायचे नाहीत. त्यांनी मेंढीला फिरताना बराच वेळ पाहिलं, मग तिचं डोकं गुडघ्यात धरून अंगठ्यानं दाबत गेले. कानाच्या वर एका जागी अंगठा थांबला. त्यांनी माझा हात धरून तिथं ठेवला. कवटीचं हाड तिथं मऊ लागत होतं, पिकल्या पेरूसारखं.

"आत फुगा आहे," ते म्हणाले. "पाण्यानं भरलेला. तो मेंदूला एका बाजूनं दाबतो, म्हणून ती एकाच बाजूला फिरते. आणि हे पाणी पावसाचं नाही. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी गवतावर पडतात, ती मेंढीच्या पोटात जातात आणि तिथून रक्तातून डोक्यात. पुढं असल्या मेंढीचं डोकं कुत्र्यानं खाल्लं की त्याच्या पोटात पुन्हा जंत."

तात्या ऐकत होते. त्यांची दोन्ही कुत्री तिथंच सावलीला पडलेली. मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्यांपुढं टाकायचं, हे आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं.

"काढता येतो का फुगा?" मी विचारलं.

डॉक्टरांनी त्या मऊ जागेवरून पुन्हा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "कॉलेजात असताना सरांना काढताना बघितलंय. मी स्वतः कधी काढलेला नाही."

"आशी पण मरणारच हाय," तात्या म्हणाले. "बघा काढून."

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून मेंढी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी जागेवरची लोकर भादरली, औषध लावलं, जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं. डोकं धरायचं काम माझ्याकडं आलं. तात्यांनी पाय धरले आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. मी मात्र एकदाही नजर काढली नाही. कातडी बाजूला केल्यावर खालचं हाड कागदासारखं पातळ झालेलं दिसलं. डॉक्टरांनी ते अलगद कापलं आणि आतून एक पांढुरका, झिरझिरीत पडदा वर आला. सुईनं त्यातलं पाणी ओढून घेतलं. मग चिमट्यानं पडदा हळूहळू, एकेक बोट बाहेर. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम टेबलावर पडत होता. सगळा फुगा बाहेर आला तेव्हा त्यांनी तो पाण्यात टाकून मला दाखवला. लिंबाएवढी पिशवी, आणि आतल्या बाजूला खसखशीसारखे पांढरे ठिपके.

"यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एका जंताचं डोकं," ते म्हणाले.

मेंढी दोन दिवस नुसती बसून होती. तिसऱ्या दिवशी उठली आणि गव्हाणीपर्यंत सरळ चालत गेली. तात्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण त्या दिवशी माळावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ते म्हणत, "जरा बघा ती काळी. कशी चालती?"

मी डॉक्टरांना विचारलं, हे सगळं शिकायला कुठं मिळतं. ते म्हणाले, अकरावीला सायन्स घे, बायोलॉजी सोडू नको, पुढचं पुढं सांगतो. आणि निघताना त्यांनी तो फुगा औषधाच्या पाण्यात घालून काचेच्या बाटलीत मला दिला.

अकरावीला मी बारामतीला आले. मुलींच्या वसतिगृहात राहिले. आमच्या खोलीत आम्ही तिघी होतो आणि माझ्या बाटलीला कुणी खोलीत ठेवू देईना. शेवटी मी ती पिशवीत घालून बायोलॉजीच्या बाईंकडं नेली. बाईंनी ती उजेडात धरून पाहिली, मी काय सांगतेय ते ऐकून घेतलं आणि प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं. एक ठिपका काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आधी त्यांनी पाहिलं आणि बाजूला सरकल्या.

मी डोळा लावला. गोल गोल चार वाटीसारख्या जागा आणि मधोमध गळासारख्या आकड्यांचं कडं, अगदी बारीक, एकाला एक लागून. इतकी नीटनेटकी वस्तू आमच्या मेंढीच्या डोक्यात होती. मला ना किळस आली ना भीती वाटली. हे आकडे तिथं काय करतात, एवढंच मनात आलं.

"बाई, मेंदूत कशाला लागतात आकडे?"

"मेंदूत नाही. कुत्र्याच्या आतड्यात चिकटून राहायला. ते आधीच तयार होऊन वाट बघतंय."

बायोलॉजी अशी सोपी गेली. अडलं ते फिजिक्सपाशी. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेलं, आणि इथं फळ्यावर एकदम इंग्रजी. सरांचं बोलणं संपलं तरी मी पहिल्याच ओळीत अडकलेली असायचे. चाचणीत मार्क इतके कमी पडले की सरांनी मला वर्गाबाहेर बोलावून विचारलं, "तुला पुढं नक्की काय करायचंय?"

"जनावरांची डॉक्टर व्हायचंय."

सर हसले नाहीत. "मग फिजिक्स लागणारच," म्हणाले.

सुट्टीत घरी आले की सकाळी मी दूध घालायला गावातल्या दूध संस्थेत जायचे. तिथं दूध तपासायला एक काचेची नळी दुधात सोडायचे. खाली जड, वर बारीक, अंगावर आकडे. दुधात पाणी असलं की ती जास्त खाली जाते. नेहमीचंच होतं ते, पण त्या खेपेला मी तिथंच उभी राहिले. म्हशीचं दूध गाईच्या दुधापेक्षा दाट. त्यात साय कितीतरी जास्त. मग नळी म्हशीच्या दुधात खूपच वर तरंगायला हवी होती. तशी ती तरंगत नव्हती. तपासणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आमी आकडा बघतो. कारण कुणी इचारत न्हाय."

बारामतीला परत आल्यावर मी सरांना विचारलं. त्यांनी वहीवर काही लिहून दाखवण्याऐवजी मलाच सांगितलं, "दुधावरची साय काढ आणि पुन्हा नळी सोड. काय होतं ते सांग."

पुढच्या सुट्टीत मी तसं केलं. साय काढलेल्या दुधात नळी वर आली. म्हणजे साय गेली आणि दूध जड झालं. साय दुधापेक्षा हलकी, म्हणून तर ती वर येऊन बसते, हे मी जन्मापासून पाहत होते आणि कधी लक्षातच घेतलं नव्हतं. आणखी एक गोष्ट तिथंच कळली. साय काढून त्यात थोडं पाणी घातलं की नळी पुन्हा पहिल्या आकड्यावर येते. हे मी घरी मोठ्यानं बोलले तेव्हा आई म्हणाली, "हे बाहेर कुणाला सांगू नको. निम्मं गाव शिकंल."

त्यानंतर सर मला रविवारी सकाळी शिकवायला लागले. एखादी गोष्ट आधी हाताशी आली की मग सूत्र मला कळायचं. उलटं केलं की डोकं बंद. ते त्यांनी ओळखलं होतं.

डॉक्टर कधीमधी एसटी स्टँडवर भेटायचे. बारावीच्या वर्षी त्यांनी मला प्रवेशाचं सांगितलं. राज्यातल्या कॉलेजांच्या बऱ्याचशा जागा बारावीच्या मार्कांवर भरायच्या. पण प्रत्येक राज्यातल्या काही जागा सगळ्या देशासाठी राखलेल्या असायच्या आणि त्यांच्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा होती. चार उत्तरांतलं एक निवडायचं. चुकलं तर मार्क कापायचे.

"ही पण दे," ते म्हणाले. "दोन दारं असलेली बरी."

खोलीतल्या मैत्रिणींना माणसांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यांना वाटायचं, मला तिकडं जमणार नाही म्हणून मी इकडं चाललेय. एकीनं तर समजूत घातली की मार्क पडले तर जनावरांकडं जावं लागणार नाही. मी म्हटलं, मार्क पडले तरच जाता येणार आहे. ते तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

त्याच सुमाराला पेपरात बातमी आली होती की परदेशात एका मेंढीच्या अंगातली एक पेशी घेऊन हुबेहूब तशीच दुसरी मेंढी तयार केली. मी तो पेपर शेळगावला नेऊन तात्यांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"एकसारख्या दोन?"

"व्हय."

"लोकांना आमची सगळी मेंढरं एकसारखीच दिसत्यात," तात्या म्हणाले. "आन्‌ हे खरंच एकसारखी करायला निघालेत. मग हाक कुठलीला मारायची?"

प्रवेश परीक्षा पुण्यात होती. आबा बरोबर आले. शाळेच्या फाटकाशी कितीतरी मुलं उभी होती, हिंदीतून, इंग्रजीतून एकमेकांना विचारत होती. मुली थोड्या होत्या. आबा आत येऊ शकत नव्हते. ते भिंतीकडेच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले.

प्रश्न इंग्रजीत आणि शेजारी हिंदीत छापलेले होते. मी इंग्रजीच वाचत होते, कारण फिजिक्सचे हिंदी शब्द तर त्याहून अवघड. बायोलॉजीपाशी आले आणि एका प्रश्नात अडले. त्या नक्कल केलेल्या मेंढीवरच प्रश्न होता, पण ते मला कळेना. पेशी कुठल्या अवयवातून घेतली असं विचारलंय, एवढं समजलं. कुणाच्या अवयवातून, तो शब्द मात्र मी कधी पाहिलेलाच नव्हता. ई, डब्ल्यू, ई. कसला प्राणी म्हणायचा हा? तीन अक्षरांचा. मी वेळ घालवत बसले. मग शेजारच्या हिंदीकडं नजर गेली. तिथं लिहिलं होतं, भेड़.

मेंढपाळाच्या घरातली मुलगी मी, आणि मेंढीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मला हसू आलं. पर्यवेक्षक बाईंनी वर पाहिलं. मी उत्तरावर खूण केली, कासेतली पेशी, आणि पुढं निघाले.

बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "कसं गेलं?"

"फिजिक्स बरं गेलं. मेंढीच्या प्रश्नाला अडले."

"मेंढीच्या?" आबा म्हणाले. पुण्याहून दौंडच्या पुढं येईपर्यंत त्यांनी ते आणखी दोनदा विचारलं.

बारावीचा निकाल लागला. बायोलॉजीत चांगले मार्क, फिजिक्समध्ये बेताचे. राज्याच्या यादीत माझं नाव आलं नाही. आबा म्हणाले, बारामतीला बी.एस्सी. कर, आता सकाळची एसटी सुरू झालीय, रोज ये-जा करता येईल. मी हो म्हटलं, कारण दुसरं काही म्हणण्यासारखं हातात नव्हतं. आणि मग ऊस लागणीच्या दिवसांत दिल्लीहून पत्र आलं. प्रवेश परीक्षेत मी पात्र ठरले होते. नंबर बराच खाली होता. जागावाटपाला दिल्लीत हजर राहा, असं लिहिलं होतं.

संध्याकाळी तात्याही आले. आबा पत्र हातात धरून ओट्यावर बसले होते.

"नंबर खालचा हाय. काय उरंल त्यातनं मिळणार. आसामात मिळालं तर? आन्‌ हितं लागण चाललीय, मला जाता येत न्हाय."

तात्या म्हणाले, "पोरगीची जात. एवढ्या लांब."

आई चुलीपुढं होती. ती सहसा अशा बोलण्यात पडत नसे. भाकरी तव्यावर टाकून ती बाहेर आली.

"माझं लगीन झालं त्या साली दिवाळीनंतर तुमी माझ्या हातात घोड्याचा कासरा दिला," ती तात्यांना म्हणाली. "घोड्यावर बिऱ्हाड, म्होरं मेंढरं. कोकणात उतरायचं म्हणालात. कोकण कुठं हाय ते मला ठावं न्हवतं. तितल्या बायका काय बोलत्यात ते कळत न्हवतं. तवा कुणी म्हणालं न्हाय, पोरगीची जात म्हणून."

"तवा सगळी संगं हुतो," आबा म्हणाले.

"मग मी जाते संगं. दिल्लीपतुर."

"तुला वाचता येत न्हाय."

"तिला येतंय. मला इचारता येतं."

तात्या म्हणाले, "भाकरी करपली बघ." आई आत गेली. जायचं ठरलं, असं कुणी म्हणालं नाही, पण दुसऱ्या दिवशी आबा दौंडला जाऊन रेल्वेची तिकिटं घेऊन आले.

दिल्लीला उतरल्यावर आई खरंच विचारत गेली. मराठीतच विचारायची, सावकाश आणि मोठ्यानं, आणि लोक कसे कुणास ठाऊक, तिला उत्तर द्यायचे. मी पाटी वाचून रस्ता शोधेपर्यंत ती एका चहावाल्याला विचारून पुढं निघालेली असायची.

जागावाटप एका मोठ्या सभागृहात होतं. समोर फळा. त्यावर कॉलेजं असलेल्या गावांची नावं आणि पुढं उरलेल्या जागा. एकेका मुलाला बोलवायचे, तो जागा निवडायचा, फळ्यावरचा आकडा पुसला जायचा. जवळची गावं आधी संपली. आई माझ्या शेजारी बसून प्रत्येक वेळी विचारायची, "आता कंचं पुसलं?" दुपार टळल्यावर माझं नाव पुकारलं. तोवर फळ्यावर थोडीच नावं राहिली होती. आसाम होतं, तमिळनाडू होतं, राजस्थानातलं बिकानेर होतं.

टेबलामागच्या अधिकाऱ्यांनी मान वर न करता विचारलं, "कौन सा?"

मला काय सुचलं कोण जाणे. मी मोडक्या हिंदीत विचारलं की कुठल्या कॉलेजात कुठली जनावरं बघायला मिळतात.

त्यांनी मान वर केली. मागं मुलं ताटकळत होती. तरी ते शेजारच्याशी बोलले, मग मला म्हणाले, "बीकानेर में ऊँट है. भेड़ भी बहुत है."

मी मागं वळून आईला सांगितलं. मेंढरं आहेत म्हटल्यावर ती खूश होईल असं मला वाटलं होतं. तिनं दुसरंच विचारलं.

"उंट आजारी पडल्यावर तितं कोण बघतं?"

"शिकल्यावर मी बघायचं."

आईनं जरा विचार केला. "मेंढरं आपल्याला ठावी हायत," ती म्हणाली. "उंटाचं कायच ठावं न्हाय. तितं जा."

मी बिकानेर म्हटलं. फळ्यावरचा आकडा पुसला गेला आणि आईनं या खेपेला कंचं पुसलं ते विचारलं नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. आग्रा मागं पडल्यावर एकदम म्हणाली, "उंटाला पोटं किती?"

मेंढीला चार कप्प्यांचं पोट असतं हे आमच्या घरात पोरासोरांनाही माहीत होतं. उंटही रवंथ करतो, एवढं मी वाचलं होतं. पुढचं काही वाचलेलं नव्हतं. समोरच्या बाकावर राजस्थानातलं एक म्हातारं जोडपं होतं. आईनं त्यांना मराठीत विचारलं, मी हिंदी केलं. म्हातारा म्हणाला, एक खाण्याचं आणि एक पाण्याचं. पाण्याचं पोट भरलं की उंट कितीही दिवस चालतो.

आईचं समाधान झालं नाही. "ह्यानं कापलेला बघितलाय का?" ती मला हळूच म्हणाली. "नुसतं ऐकलेलं सांगतोय."

पुढं मी बिकानेरला पाच वर्षं काढली. जनावरांची डॉक्टर झाले, आजही तेच काम करते. पण त्या सगळ्या वर्षांतली माझी आवडती आठवण पहिल्या काही महिन्यांतली आहे. शरीररचनेच्या सरांना मी उंटाच्या पोटाचं विचारलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हाला औषधात ठेवलेलं खरं पोटच दाखवलं. कप्पे तीन होते. पाण्यासाठी वेगळं पोट नव्हतं. मी तसं घरी कळवलं.

उत्तर आबांच्या अक्षरात आलं. ऊस, पाऊस, तात्यांची तब्येत, सगळं लिहून झाल्यावर खाली एकच ओळ होती. आई विचारते, चौथं पोट कुठं गेलं, का पहिल्यापासूनच नव्हतं?

मी ते पत्र घेऊन सरांच्या खोलीत गेले आणि ती ओळ हिंदीत वाचून दाखवली. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, एक कोरा कागद पुढं ओढला, समोरच्या खुर्चीकडं बोट केलं आणि म्हणाले, "बैठो."